‘मिस्टर कुठं असतात?’

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा. कोल्हापूरच्या आसपास ज्यांनी वरचा मजला भाड्यानं द्यायला बांधलाय, त्यांनी तर नक्की.

गेले तीन रविवार मी सकाळची एसटी पकडून मलकापुरातून कोल्हापूरला जातोय. बातमीसाठी नाही, खोली बघायला. खोली माझ्यासाठी नाही. माझ्या एका वर्गमित्राची धाकटी बहीण आहे, मला दादा म्हणते. नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन वर्षं झाली, कोर्टात केस सुरू आहे. मुलगी जूनमध्ये चौथीत जाईल. नाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, त्यामुळं कमेंटमध्ये अंदाज बांधत बसू नका.

तिला गांधीनगरच्या कापड पेठेत एका होलसेल दुकानात हिशेबाचं काम मिळालं. टॅली येतं, जीएसटीचं भरणं येतं. तीन महिने मलकापुरातून जाऊन-येऊन केलं. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालंय म्हणून ते खिशाला तरी परवडलं. पण सकाळी साडेसातला घर सोडायचं, दुकान आठला बंद, मग स्टँड, मग मिळेल ती गाडी किंवा वडाप. घरी यायला दहा-साडेदहा. तोवर पोरगी आजीजवळ झोपलेली. एक दिवस म्हणाली, “दादा, माझी पोरगी मला रविवारीच भेटतीय.” म्हणून हलायचं ठरलं.

आता काही जण म्हणतील, मलकापुरातच काय वाईट होतं? वाईट काहीच नाही. उलट, एकट्या बाईनं पोर वाढवणं आपल्या शाहूवाडी तालुक्याला अजिबात नवं नाही. दोन-तीन पिढ्या आपल्या गावांतले बापे मुंबईच्या गिरण्यांत होते. १९८२ च्या संपानंतर बरेच परत आले, त्याच्या आधी गावात बाईच घर चालवायची. शेत, जनावरं, पोरांच्या शाळा, सासू-सासऱ्यांची दुखणी, सगळं तिच्याच अंगावर. नवरा कागदावर होता आणि गणपतीला, शिमग्याला दिसायचा. फरक इतकाच की त्या बाईला कुणी ‘मिस्टर कुठं असतात’ असं विचारत नव्हतं. ‘मुंबईला’ एवढ्या एका शब्दात तिची इज्जत शाबूत होती. आणि पोरगं उंबऱ्याबाहेर पडलं तर चार घरांतल्या चार म्हाताऱ्यांची नजर त्याच्यावर असायची.

गाव सोडलं की या दोन गोष्टी जातात. पगार मिळतो, म्हाताऱ्या मिळत नाहीत.

पहिल्या रविवारी आम्ही कळंब्याच्या बाजूला गेलो. सल्ला सगळ्यांचा तोच होता, की एकटी आहे तर चांगल्या वस्तीत बघा, नोकरदार माणसं असतील अशा ठिकाणी. कॉलनी खरंच चांगली होती. दोन खोल्या, टाइल्स, स्वतंत्र मीटर. मालक माझ्याशीच बोलत होते. ती शेजारी उभी, पण भाडं मला सांगितलं, डिपॉझिट मला सांगितलं, पार्किंग मला दाखवलं. मग विचारलं, “तुम्ही मिस्टर का?” म्हटलं, नाही, भावासारखा आहे, राहणार ती आणि तिची मुलगी. मालकांचा चेहरा पडला. “मिस्टर कुठं असतात?” ती म्हणाली, “वेगळे राहतो आम्ही.” त्यावर मालक फार सभ्यपणे म्हणाले की, वाईट वाटून घेऊ नका, आम्ही फॅमिलीलाच देतो.

बाहेर आल्यावर ती काही बोलली नाही. चहाच्या गाड्यावर बसल्यावर मला म्हणाली, “दादा, आम्ही दोघी म्हणजे फॅमिली न्हवं का?”

दुसऱ्या रविवारी फुलेवाडी. तिची मामी तिथं असते. आपली माणसं जवळ पाहिजेत, हाही सल्ला सगळ्यांचा. मामी मायाळू आहे, खोलीही मिळत होती. पण गांधीनगर कोल्हापूरच्या पार दुसऱ्या टोकाला. केएमटीनं शहरात, तिथून दुसरी गाडी, येताना पुन्हा तेच. म्हणजे मलकापुरातून यायचा वेळ थोडा कमी झाला, एवढाच बदल. आणि मामीनं पहिल्या अर्ध्या तासात दोनदा विचारलं, “समेटाचं काय झालं गं?” रोज संध्याकाळी हा प्रश्न ऐकायचा असेल तर खोली फुकट मिळाली तरी महागच.

तिथंच दोघांनी मिळून एका कागदावर हिशेब मांडला. मुलीची शाळा साधारण पाचला सुटणार. आईचं दुकान आठला बंद होणार, लग्नसराईत आणि दिवाळीत नऊला. मधले तीन ते चार तास पोरगी कुठं असणार? आम्ही तोवर भाडं बघत होतो, वस्ती बघत होतो, टाइल्स बघत होतो. बघायचे होते हे तीन तास.

मग यादी उलटी लिहिली. दुकानापासून चालत किती मिनिटं, हे पहिलं, कारण शेवटची बस चुकण्याची भीतीच नको. शाळा वाटेवर आहे का. खाली दिवसभर घरात असणारं कुणी बाईमाणूस आहे का. पाणी किती वाजता येतं आणि किती दिवसांआड. आणि रात्री आठ वाजता त्या रस्त्यावर दिवे लागलेले असतात का? हे शेवटचं रविवारी सकाळी अकराला कळत नाही, त्यासाठी आठ वाजताच जावं लागतं. आम्ही गेलो. भाडं यादीत पार खाली गेलं.

पाण्याला एवढं महत्त्व का, असं वाटेल. ज्या घरात दोन मोठी माणसं आहेत तिथं एक कामाला जातो, दुसरा पाणी भरतो. एकटीच्या घरी पाणी सकाळी अकराला आलं तर ते भरणार कोण? पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर ह्या भागाची पाण्याची रड कोल्हापुरात कुणालाही विचारा. शहरात काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं, फटाके उडाले. हद्दीच्या पलीकडं ग्रामपंचायतीचं वेळापत्रक, टँकर आणि बोअर. एक रस्ता ओलांडला की पाणी बदलतं, आणि त्या रस्त्यावर हद्दीची पाटीही नसते.

आता मूळ दुखण्यावर येतो.

कोल्हापूरची महापालिका झाली १९७२ ला. तेव्हापासून शहराची हद्द एक इंच वाढलेली नाही. कधी १८ गावं, कधी ४२ गावं असे प्रस्ताव आले आणि गेले. २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी ४२ गावांसाठी क्षेत्र विकास प्राधिकरण काढलं. शहरवाले म्हणतात, गावं आमच्या सोयी वापरतात, मग आत या. गाववाले म्हणतात, घरफाळा वाढणार, जमिनीवर आरक्षणं पडणार, आणि आतल्या वस्त्यांना तरी काय दिवे लावलेत? दोन्हीकडं तथ्य आहे. विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा, अशीही मागणी शहरातून होत आली. मी स्वतः डिप्लोमा झाल्यावर काही वर्षं कोल्हापुरात डेस्कवर होतो. हद्दवाढीच्या किती बातम्या केल्या त्याची गणती नाही. समर्थनाचं निवेदन, विरोधाचा बंद, पुन्हा निवेदन. या सगळ्यात एकदाही मी एका भाडेकरूला विचारलं नाही की बाई, तुला काय पाहिजे? केएमटी बंद झाली तर सगळ्यात आधी पायी चालावं लागणार ते हिला. सरपंचाच्या दारात गाडी आहे, आंदोलनातल्या नेत्याच्या दारातही आहे.

तिला कुणी विचारत नाही याचं कारण साधं आहे. तिचं मत तिथं नाही. राहते उचगावात, कळंब्यात, पाचगावात. नाव मात्र मलकापूरच्या, गारगोटीच्या, राधानगरीच्या यादीत. निवडणुकीला गावी जाते, मत देऊन परत येते. ज्या गावात तिला पाणी, दिवा आणि गटार लागतं, त्या गावच्या सदस्याला तिचा काही धाक नाही. ही उपनगरं भाडेकरूंच्या भाड्यावर मजल्यावर मजला वाढलीत आणि भाडेकरू मात्र तिथं पाहुणाच.

आणि मतदार यादीत नाव हलवायला काय लागतं? अर्ज तर आहे, आठ नंबरचा. पण राहण्याचा पुरावा लागतो. लाइट बिल मालकाच्या नावावर. भाडेकरूच्या कामाचा कागद म्हणजे नोंदणी केलेला भाडेकरार. आणि तोच मिळत नाही. मालक म्हणतात, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो, रजिस्टर कशाला? शहरांसाठी १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याच्या कलम ५५ नं करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी ठरवलीय. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याच्या यादीबाहेरच्या गावातही नोंदणी करायला कुणी अडवलेलं नाही. ग्रामीण हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये आहे, मुद्रांक शुल्क छोट्या खोलीला शे-दोनशेच्या घरात, एजंटाचे पैसे वेगळे. मालकांनो, या कागदानं तुमचं घर कुणाच्या नावावर होत नाही. उलट ठरलेल्या मुदतीला घर रिकामं करून घ्यायला तोच कागद कामाला येतो.

एकट्या आईला तर हा कागद भाकरीइतका लागतो. आधारचा पत्ता, गॅस, रेशन, सगळं त्याच्यावर. सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक असलेल्या मुलालाही महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. आपल्या तालुक्यात किती जणींना हे माहीत आहे? माहीत नसेल तर हा एवढा भाग स्क्रीनशॉट काढून पाठवा. पण त्या अर्जालाही राहण्याचा पुरावा जोडावा लागतोच.

(शाळेचंही सांगून ठेवतो. मुलीचा दाखला काढायला गेली तर एका शाळेत म्हणे, वडिलांची सही आणा. मुलगी आईजवळ राहते, फी आईनं भरली, पालक सभेला आईच गेली, पण दाखल्याला बाप पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार शाळा बदलताना दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे कलम लिहून दिलं, दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला.)

तिसऱ्या रविवारी उचगावला गेलो. तावडे हॉटेलला उतरून. एका जुन्या घराची माडी, दीड खोली म्हणा. टाइल्स नाहीत, शहाबादी फरशी. भाडं कळंब्यापेक्षा बरंच कमी. खाली सत्तरीच्या आजी एकट्या राहतात. त्यांनीही विचारलंच, “मालक कुठायत तुझं?” ती म्हणाली, “न्हाईत आजी, वेगळी राहती मी.” आजी थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “माझं तर बावीस वर्षं झाली न्हाईत. पोरगी काय खाती?” पुढचा अर्धा तास मुलीच्या खाण्यावर आणि नळाच्या वेळेवर बोलणं झालं. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. बरं वाटलं.

परत येताना गांधीनगर-वळिवडे रस्त्यानं चालत गेलो, दुकानापर्यंत किती मिनिटं लागतात ते बघायला. चालताना मला तिथली जुनी गोष्ट आठवली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, या वळिवड्यात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं. रशियानं त्यांना घरातून उचलून सैबेरियात टाकलं होतं, तिथून इराणमार्गे ती इथं पोचली. त्यातल्या बहुतेक बायका आणि मुलं, कारण पुरुष लढाईवर किंवा मेलेले. म्हणजे हजारो एकट्या आया कोल्हापूरच्या वेशीवर, भाषा माहीत नाही, देश माहीत नाही. त्यांच्यासाठी बराकी बांधल्या तेव्हा शाळा, दवाखाना, चर्च, दुकानं सगळं छावणीतच चालत जाण्याच्या अंतरावर ठेवलं होतं. ती मुलं म्हातारी होऊन पुन्हा पुन्हा वळिवडे बघायला आली, २०१९ मध्ये तिथं स्मारकही झालं. पोलिश गेल्यावर त्याच जागेवर फाळणीत आलेले सिंधी बसले आणि आजचं गांधीनगर झालं.

छावणी ती छावणीच, तिचं गुणगान करत नाही. पण ८० वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, एकट्या आईला आणि तिच्या पोराला काय लागतं हे कुणीतरी आधी बसून ठरवलं होतं. आज त्याच मातीवर कोट्यवधींची कापड पेठ आहे, तिथं शेकडो बायका कामाला आहेत, आणि त्यांच्या पोरांनी संध्याकाळी पाच ते आठ कुठं बसायचं हे ठरवणं कुणाचंही काम नाही. सरकारची पाळणाघराची योजना आहे ती सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. सातव्या वर्षी पोर एकदम मोठं होतं काय?

याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारला सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढावं लागलं. एका गावानं मनावर घेतलं तर एवढं होतं. मग उचगाव, कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, सरनोबतवाडी यांना माझं म्हणणं आहे: हद्दवाढीला खुशाल विरोध करा, तो तुमचा हक्क आहे. पण आम्ही गाव म्हणून चांगले आहोत असं म्हणता ना, तर तसं दाखवा. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका काढता, तशीच जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली संध्याकाळी आठपर्यंत उघडी ठेवा. गावातलीच एखादी बाई मानधनावर बसवा. भाडेकरूंची पोरं तिथं अभ्यास करतील. खर्च एका कमानीपेक्षा कमी येईल, आणि कमानी आपण किती बांधतो ते सगळ्यांना माहीत आहे. ग्रामसभेत भाडेकरूंना बोलू द्या. आणि शहरवाल्यांनो, केएमटी बंद करायच्या धमकीनं सरपंच नमत नाही, बसस्टॉपवरची बाई भिजते.

एक गोष्ट राहिली, पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये काय झालं ते आपण मलकापूरकर विसरलेलो नाही. पंचगंगा वाढली, केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की आपला आणि कोल्हापूरचा संबंध तुटतो. त्या आठवड्यात पोरगी आजारी पडली तर आजी मलकापुरातून जाऊ शकणार नाही, मीही नाही. त्यामुळं ‘आपली माणसं जवळ’ याचा अर्थ तिथं चालत येऊ शकतील अशी माणसं. उचगावच्या आजींना आम्ही शेवटी तेच विचारलं, २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं? त्यांनी माडीच्या पायरीवरून हात करून लांबची एक भिंत दाखवली. तिथपर्यंत, म्हणाल्या, हिकडं न्हाई आलं.

खोली पक्की केलीय. करार रजिस्टर करायचा, हे आजींना समजावायला त्यांच्या पुण्याच्या मुलाशी फोनवर बोललो. तो आधी ‘कशाला’ म्हणाला, मग म्हणाला, ठीक आहे, मी सही करायला येतो. शाळा १५ जूनला सुरू होते, त्याच्या आधी सामान हलवायचंय. सामान फार नाही. एक कपाट, दोन गाद्या, शिलाई मशीन, मुलीची सायकल.

पाच ते आठचा प्रश्न अजून अर्धाच सुटलाय. आजी सात वाजता देवळात भजनाला जातात, आठवड्यातून तीन दिवस. उचगावात त्या वेळेत घरी शिकवणी घेणारी कुणी बाई माहीत असेल, चौथीचे दोन-चार विषय आणि दीड तास बसवून घेणारी, तर मला इनबॉक्स करा. फी देणार आहोत. आणि मलकापुरातून उचगावला टेम्पो कमीत कमी किती घेईल तेही सांगा, स्टँडवर सांगतायत तो आकडा मला जास्त वाटतोय.